नागिसो : न विकलेल्या घरांचे खोरे

नागिसो हे जपानच्या होन्शू बेटावर, नागानो प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाला, किसो नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेले एक छोटे डोंगरी नगर आहे. नगराचे क्षेत्रफळ सुमारे २१६ चौरस किलोमीटर असून त्याचा जवळजवळ ९४ टक्के भाग जंगलाने व्यापलेला आहे. उरलेल्या चिंचोळ्या सपाटीत घरे, शेते, लोहमार्ग, राज्यमार्ग आणि नदी या सर्वांनी दाटीवाटीने जागा करून घेतली आहे. लोकसंख्या चार हजारांच्या आसपास आहे आणि ती गेली कित्येक दशके घटतच आली आहे. तरीही या नगराच्या हद्दीतील त्सुमागो या एका रस्त्याच्या वस्तीने जपानच्या वारसा-संरक्षणाच्या इतिहासात मोठे स्थान मिळवले. झाडे, नदी आणि रस्ता यांवर मालकी कोणाची, हा प्रश्न या खोऱ्याला चारशे वर्षे छळत आला आणि त्सुमागोच्या रहिवाशांनी आपल्या घरांपुरते त्याचे उत्तर स्वतः दिले. नागिसोच्या इतिहासाचे खरे महत्त्व त्या उत्तरात आहे.

भूरचना

किसो खोऱ्याच्या पूर्वेस मध्य आल्प्स म्हणून ओळखली जाणारी किसो पर्वतरांग आहे, तर पश्चिमेस ओन्ताके या ज्वालामुखी पर्वताकडे चढत जाणारा डोंगराळ प्रदेश. या दोहोंच्या मधून किसो नदी नैर्ऋत्येकडे वाहते आणि पुढे नोबीच्या सपाट प्रदेशातून इसेच्या उपसागराला मिळते. नागिसो हे खोऱ्याच्या खालच्या टोकाला, गिफू प्रांताच्या सीमेलगत आहे. नगराला ज्याचे नाव मिळाले तो नागिसो पर्वत १,६७९ मीटर उंच आहे. वस्त्या मात्र चारशे ते साडेचारशे मीटरांच्या सुमारास, नदीकाठच्या आणि ओढ्यांच्या मुखाशी साचलेल्या गाळाच्या पट्ट्यांवर उभ्या आहेत. त्सुमागो मुख्य नदीवर नाही. ते आरारागी या उपनदीच्या खोऱ्यात, नागिसो रेल्वे स्थानकापासून सुमारे साडेतीन किलोमीटर आत आहे. नकाशावरील हे क्षुल्लक भासणारे अंतर पुढे गावाचे भवितव्य ठरवणारे ठरले.

भातशेतीला येथे फारशी जागा नाही. त्यामुळे खोऱ्याचे जीवन आरंभापासून दोन गोष्टींवर अवलंबून राहिले : डोंगरावरचे लाकूड आणि खोऱ्यातून जाणारा रस्ता.

आजचे नगर १९६१ मध्ये योमिकाकी, आझुमा आणि तादाची या तीन गावांच्या विलीनीकरणातून निर्माण झाले. त्यांपैकी योमिकाकी या नावाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८७४ मध्ये योगावा, मिदोनो आणि काकिझोरे ही गावे एकत्र आली तेव्हा त्यांच्या नावांतील अक्षरे जोडून ‘यो-मि-काकी’ असे नाव तयार झाले आणि ते लिहिण्यासाठी ‘वाचन-लेखन’ या अर्थाची चिन्हे निवडण्यात आली. नव्या राजवटीत शिक्षणाचे वारे वाहत होते. त्या काळाची खूण या गावाच्या नावात कायमची राहिली.

टप्प्याचे गाव

सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा शोगुनांनी एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि सम्राटांचे क्योतो यांना जोडणारे राजमार्ग शिस्तबद्ध रीतीने बांधून काढले. त्यांतील तोकाइदो हा किनाऱ्याने जाई, तर नाकासेन्दो डोंगरांतून. सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या नाकासेन्दोवर एकोणसत्तर टप्पे होते आणि त्यांतील अकरा किसोच्या खोऱ्यात होते. एकेचाळिसावा मिदोनो आणि बेचाळिसावा त्सुमागो हे दोन्ही टप्पे आजच्या नागिसोच्या हद्दीत येतात. मागोमेची खिंड ओलांडली की त्रेचाळिसावा टप्पा मागोमे लागतो. त्सुमागोहून ते अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे.

टप्प्याच्या गावावर ठरावीक जबाबदाऱ्या असत. शोगुनांच्या आज्ञेने सरदारांना आळीपाळीने एदोत राहावे लागे. त्यांच्या लवाजम्याला ओझेवाले आणि घोडी पुरवणे, सरकारी टपाल पुढच्या टप्प्यापर्यंत पोचवणे, मुक्कामाची सोय करणे ही कामे गावाने करायची. सरदारांच्या मुक्कामाच्या मुख्य वाड्याला ‘होन्जिन’ आणि दुसऱ्या वाड्याला ‘वाकिहोन्जिन’ म्हणत. त्सुमागोचा होन्जिन शिमाझाकी घराण्याकडे होता आणि वाकिहोन्जिन हायाशी घराण्याकडे. गावाच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम दोनदा काटकोनात वळवलेला आहे. शत्रू चालून आला तर त्याला सरळ आत घुसता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. सरकारी हुकूम लावण्याचा उंच लाकडी फलक हे अशा गावाचे आणखी एक ठरलेले अंग.

१८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनाशी विवाह करण्यासाठी क्योतोहून एदोला गेली, ती याच मार्गाने. हजारो माणसांचा तो लवाजमा खोऱ्यातून गेला तेव्हा मिदोनो येथे तिचा मुक्काम झाला. ओझेवाले पुरवता पुरवता आसपासच्या गावांची दमछाक झाली. सहा-सात वर्षांतच शोगुनशाही कोसळली आणि राजमार्गाचे वैभवही तिच्याबरोबर ओसरू लागले.

झाडांचे मालक

किसोच्या डोंगरातील हिनोकी हे सूचिपर्णी झाड जपानी वास्तुकलेत सर्वश्रेष्ठ मानले जाते. सरळ वाढ, बारीक रेषा, मंद सुगंध आणि कीड न लागण्याचा गुण यांमुळे किल्ले, राजवाडे आणि देवळे यांसाठी त्याला अखंड मागणी असे. दर वीस वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे येथील महामंदिरासाठीही किसोचेच हिनोकी प्रसिद्ध आहे. १६१५ मध्ये हे खोरे नागोयाच्या ओवारी संस्थानाच्या ताब्यात गेले. किल्ले आणि शहरे बांधण्याच्या त्या काळात डोंगर झपाट्याने उघडे पडले, तेव्हा संस्थानाने १६६५ पासून काही जंगले पूर्ण बंद केली आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिनोकी, सावारा, आसुनारो, कोयामाकी आणि नेझुको या पाच जातींच्या तोडीवर बंदी घातली. एका झाडाला एक शीर, असे या बंदीच्या कठोरपणाचे वर्णन लोकांत रूढ झाले.

तोडलेले ओंडके सुटे सुटे किसो नदीत सोडत. खाली सपाटीला पोचल्यावर त्यांचे तराफे बांधून ते नागोयाच्या बंदरापर्यंत नेत. खोऱ्यातील माणसाचा वाटा एवढाच, की संस्थान दरवर्षी ठरावीक प्रमाणात लाकूड गावांना सवलतीने देई आणि त्यातून वस्तू बनवून लोक पोट भरत. आरारागीच्या वस्तीत हिनोकीच्या पातळ पट्ट्या विणून टोप्या होऊ लागल्या, त्या याच वाट्याच्या लाकडातून. उन्हापावसात शेतकरी आणि वाटसरू या टोप्या वापरत. त्या आजही विणल्या जातात. खरादीकाम करणाऱ्या कारागिरांची परंपराही येथे जिवंत आहे. चांगल्या लाकडाच्या शोधात डोंगरोडोंगर भटकणाऱ्या खरादींचे वंशज पुढे या खोऱ्यात स्थिरावले. त्यांच्या कामाला १९८० मध्ये जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली.

१८६८ मध्ये मेजी राजवट आली तेव्हा जंगल आता मोकळे होईल अशी गावकऱ्यांची समजूत होती. घडले उलटे. नव्या सरकारने डोंगरांचे मोठे क्षेत्र सरकारी म्हणून नोंदवले आणि १८८९ मध्ये ते राजघराण्याच्या मालकीचे झाले. शेजारच्या मागोमेचे शिमाझाकी मासाकी यांनी जंगलावरील गावांचे हक्क मागण्यासाठी पुढाकार घेतला. त्यांना गावप्रमुखपद गमवावे लागले आणि १८८६ मध्ये बुद्धिभ्रमाच्या अवस्थेत, बंदिवासात त्यांचा अंत झाला. त्यांचे धाकटे पुत्र म्हणजे कवी व कादंबरीकार शिमाझाकी तोसोन. तोसोन यांनी १९२९ ते १९३५ या काळात क्रमशः प्रसिद्ध केलेली ‘योआके माए’ ही कादंबरी पित्याच्या जीवनावर आधारलेली आहे. शीर्षकाचा अर्थ ‘पहाट होण्यापूर्वी’. तोसोन यांची आई त्सुमागोच्या होन्जिन घराण्यातील होती आणि त्यांचे एक वडील बंधू हिरोसुके त्याच घराण्यात दत्तक गेले होते. वडिलांनी हाती घेतलेला जंगलाचा प्रश्न पुढे हिरोसुके यांनीही लावून धरला. जंगल मात्र गावांकडे परतले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, ते राष्ट्रीय जंगलात समाविष्ट झाले.

बंदी उठल्याचा एक दृश्य परिणाम त्सुमागोत आजही पाहायला मिळतो. हायाशी घराण्याने १८७७ मध्ये आपला वाडा नव्याने बांधला तो संपूर्ण हिनोकीचा. ज्या लाकडाला हात लावणे शेकडो वर्षे गुन्हा होता, त्याचेच खांब आणि तुळया या घरात अभिमानाने मिरवतात. १८८० मध्ये सम्राट मेजी यांनी प्रवासात येथे विसावा घेतला होता. आज हा वाडा राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती आहे.

रस्ता दूर गेला

१८९२ मध्ये किसो नदीच्या काठाने नवा गाडीरस्ता तयार झाला आणि मागोमेच्या खिंडीतून जाणारी जुनी वाट एकाएकी गैरसोयीची ठरली. १९०९ मध्ये मिदोनोपर्यंत आगगाडी आली, तर १९११ मध्ये संपूर्ण चुओ लोहमार्ग जोडला गेला. रूळही मुख्य नदीच्याच काठाने गेले. त्सुमागो आरारागीच्या खोऱ्यात एका बाजूला पडले. हमाल, घोडेवाले, खाणावळी, मुक्कामाची घरे या सर्वांचा व्यवसाय एका पिढीत संपला.

या उपेक्षेतच पुढच्या भाग्याचे बीज होते. मिदोनो स्थानकाजवळ असले तरी १८८१ च्या आगीत त्याची जुनी घरे जळून गेली होती. मागोमेही १८९५ आणि १९१५ च्या आगींत बेचिराख झाले. त्सुमागोत आगही लागली नाही आणि नवे बांधण्याइतका पैसाही आला नाही. वरचा मजला रस्त्यावर पुढे काढलेली, उभ्या पट्ट्यांच्या जाळ्या लावलेली, फळ्यांच्या छपरांवर दगड ठेवलेली घरे गरिबीमुळे जशीच्या तशी उभी राहिली.

नदीची वीज

झाडांनंतर बाहेरच्या उद्योगाची दृष्टी नदीवर गेली. विचारवंत फुकुझावा युकिची यांचे जावई फुकुझावा मोमोसुके यांनी किसोच्या प्रवाहावर जलविद्युत केंद्रांची मालिका उभारली. योमिकाकी केंद्राच्या बांधकामाचे साहित्य नेण्यासाठी १९२२ मध्ये नदीवर २४७ मीटर लांबीचा झुलता पूल बांधण्यात आला. त्याच्या लाकडी पृष्ठभागावरून साहित्य वाहणाऱ्या ढकलगाड्यांचे रूळ जात. वीजकेंद्र १९२३ मध्ये पूर्ण झाले आणि खोऱ्यातील वीज दूरच्या ओसाकाकडील कारखान्यांना मिळू लागली. धरणे बांधल्यावर नदीतून ओंडके सोडण्याची शतकांची पद्धत बंद पडली आणि लाकूड डोंगरातील छोट्या आगगाड्यांवरून जाऊ लागले.

मोमोसुके यांच्या नावाने ओळखला जाणारा हा पूल कालांतराने जीर्ण होऊन वापरातून बाद झाला. नगराने तो पाडण्याऐवजी १९९३ मध्ये दुरुस्त केला आणि पुढच्याच वर्षी त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला. आज शाळकरी मुले आणि गावकरी त्यावरून पायी नदी ओलांडतात.

तीन नकार

१९६० च्या दशकात जपानचा औद्योगिक उत्कर्ष वेगात होता आणि डोंगरी गावे रिकामी होत होती. त्सुमागोतील तरुण नागोया आणि तोक्योकडे निघून गेले. घरे गळू लागली, काही मोडली जाऊ लागली. अशा वेळी काही गावकरी आणि नगरपालिकेतील कर्मचारी यांनी जुन्या वस्तू गोळा करण्यापासून सुरुवात केली. १९६७ मध्ये हायाशींच्या वाड्यात स्थानिक संग्रहालय उघडले. पुढच्या वर्षी मेजी क्रांतीच्या शताब्दीनिमित्त नागानो प्रांताने घरांच्या दुरुस्तीला साहाय्य दिले आणि वास्तुइतिहासकार ओता हिरोतारो यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू झाले. त्याच १९६८ मध्ये सर्व रहिवाशांची ‘त्सुमागोवर प्रेम करणारी मंडळी’ अशा अर्थाच्या नावाची संघटना स्थापन झाली.

१९७१ मध्ये रहिवाशांनी सनद स्वीकारली. तिचा गाभा तीन नकारांत आहे : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. यांतला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वास्तू मोडू नये हे सगळीकडेच सांगितले जाते, पण येथे विक्रीवरील बंदी सर्वांत आधी येते. गावाचे नाव झाले की बाहेरचा पैसा येईल, घरे दुकानदारांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या हाती जातील, आणि जंगल व नदी यांच्याप्रमाणे रस्ताही आपला राहणार नाही, ही भीती त्यामागे होती. म्हणून प्रवासी आले तरी त्यांचे आतिथ्य करणारा आणि त्यातून कमावणारा माणूस गावातलाच असावा, हे तत्त्व ठरले.

नियम लहानसहान बाबींपर्यंत पोचले. विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा घरांच्या मागून नेण्यात आल्या. दिवसा दहा ते चार या वेळेत मुख्य रस्त्यावर मोटारी येत नाहीत. त्या गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबतात. नगराने १९७३ मध्ये संरक्षणाचा स्वतंत्र नियम केला. तोपर्यंत जपानी कायदा एकेका वास्तूला संरक्षण देई, संपूर्ण वस्तीला नाही. अशा स्थानिक प्रयत्नांचा विचार होऊन १९७५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९७६ मध्ये देशातील पहिली सात संरक्षित वस्तीक्षेत्रे जाहीर झाली. त्यांत क्योतोतील दोन पेठा आणि शिराकावा येथील गवती छपरांची वस्ती यांच्याबरोबर त्सुमागोही होते. त्सुमागोचे क्षेत्र सुमारे १,२४५ हेक्टर आहे. घरांमागचे डोंगर, शेते आणि खिंडीची जुनी वाटही त्यात येते. रस्त्यावर उभे राहून वर पाहिले तर जे दिसते तेही गावाचाच भाग आहे, हा त्यामागचा विचार.

होन्जिनचा वाडा मेजी काळातच पाडला गेला होता. तो एदोकालीन आराखड्यावरून १९९५ मध्ये पुन्हा उभारण्यात आला. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावकरी एदो काळातील वेष परिधान करून मिरवणूक काढतात. ही प्रथाही १९६८ पासूनची.

निसटणारा साप

डोंगर माणसांना जसे पोसतात तसे गिळूही शकतात, याचे भान या खोऱ्यात प्रत्येक पिढीला असते. येथील कातळ बहुतांशी ग्रॅनाइटचा असून तो झिजून भुसभुशीत वाळू होते. जूनजुलैच्या मुसळधार पावसात ओढ्यातून दगड, माती आणि झाडे यांचा लोंढा क्षणार्धात खाली येतो. स्थानिक बोलीत त्याला ‘जानुके’, म्हणजे सापाचे निसटणे, म्हणतात. १९५३ च्या जुलैमध्ये अशा लोंढ्यात तिघांचा बळी गेला. त्या घटनेच्या स्मारकावर पूर्वजांचे शहाणपण कोरलेले आहे : पाऊस पांढराफेक दिसू लागला, ओढ्याचे पाणी एकाएकी आटले किंवा हवेत जळकट वास आला, तर मागे न पाहता पळावे. ओढा आटण्याचे कारण साधे आहे. वर कोठेतरी दरड कोसळून प्रवाह अडलेला असतो, आणि तो बांध फुटणार असतो.

९ जुलै २०१४ रोजी संध्याकाळी पुन्हा असा लोंढा आला. घरे उद्ध्वस्त झाली, चुओ लोहमार्गावरील एक पूल वाहून गेला आणि एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. रेल्वे वाहतूक ऑगस्टपर्यंत बंद राहिली. सपाट जागा मुळात ओढ्यांनी आणलेल्या गाळाचीच असल्यामुळे हा धोका टाळून इतरत्र वस्ती करणे येथे शक्य नाही. धरणबंधारे आणि इशारायंत्रणा यांच्या जोडीला जुन्या म्हणी मुलांना शिकवणे हाच उपाय राहतो.

आजची कसोटी

मागोमे ते त्सुमागो ही पायवाट आज युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील पदयात्रींची आवडती झाली आहे. वाटेवर अस्वलांना सावध करण्यासाठी घंटा टांगलेल्या आहेत. खिंडीनंतर एका जुन्या घरात वाटसरूंना चहा दिला जातो. मागोमे ज्या गावात होते ते २००५ मध्ये नागानो सोडून गिफू प्रांतातील नाकात्सुगावा शहरात सामील झाले, त्यामुळे पदयात्री आता खिंडीत प्रांताची सीमा ओलांडतात. दरम्यान तोक्यो आणि नागोया यांना जोडणाऱ्या चुंबकीय अतिवेगवान रेल्वेचा बोगदा नागिसोच्या डोंगरांखालून जाणार आहे. त्याचे स्थानक शेजारच्या नाकात्सुगावात असेल. नागिसोच्या वाट्याला बोगद्यातून निघणारा राडारोडा, मालमोटारींची वर्दळ आणि ओढ्यांच्या पाण्याविषयीची चिंता आली आहे. रस्ता पुन्हा एकदा गावाला टाळून चालला आहे.

यापेक्षा कठीण प्रश्न घराच्या आतला आहे. विकू नये, भाड्याने देऊ नये हा नियम बाहेरून येणाऱ्या पैशाविरुद्ध केला गेला. वारसच राहिला नाही तर काय, याचे उत्तर त्यात नाही. वृद्ध मालक गेले आणि मुले शहरातून परतली नाहीत, की घराला कुलूप लागते. लाकडी घर बंद राहिले तर काही पावसाळ्यांतच खचू लागते. म्हणजे पहिले दोन नकार काटेकोर पाळल्याने तिसरा मोडण्याची वेळ येते. नवख्या कुटुंबाला घर सोपवले तर ते जगते. पण कोणत्या अटींवर सोपवावे आणि गावकरी म्हणून कोणाला मोजावे, हे पुन्हा ठरवावे लागते.

१९७१ ची सनद स्वीकारणाऱ्या पिढीने हा निर्णय सरकारवर किंवा तज्ज्ञांवर सोडला नव्हता. एकत्र बसून, एकमेकांचे हितसंबंध ओळखून तिने तो घेतला. तिने राखलेली घरे आज जगभरचे लोक पाहायला येतात. ती कोणी राहायची, हे मात्र पुन्हा त्सुमागोलाच ठरवायचे आहे.